बोट ठेवून बोला: फोटो बघण्याची आणि त्यावर चर्चा करण्याची रीत

फोटोबद्दल बोलताना एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं: जे बोलाल त्यासाठी फोटोत कुठेतरी बोट ठेवता आलं पाहिजे. ‘बाई दुःखी आहे’ म्हणालात, तर बोट कुठे ठेवणार? कपाळावरच्या आठ्यांवर, खाली गेलेल्या खांद्यांवर, की खोलीतल्या काळोखावर? बोट नुसतंच फिरत राहिलं आणि कुठे टेकलं नाही, तर ते दुःख तुम्ही घरून आणलेलं आहे. आणलेलं असायलाही हरकत नाही, पण ते वेगळं काढून ठेवता आलं पाहिजे. पुढची सगळी रीत त्यासाठीच आहे.

एकट्याने सराव करायचा असेल तर एका फोटोला २०-२५ मिनिटं द्या. रोज पन्नास फोटो वर सरकवत बघण्यापेक्षा आठवड्याला दोन असे बघितले तर डोळा लवकर तयार होतो.

आधी फोटो नीट समोर मांडा

मोबाईलवर बघून चर्चा करू नका. मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा तिथे दोन-तीन मिलिमीटरचा होतो, आणि बोटांनी मोठा करावा तर चौकटीच्या कडा नजरेआड जातात. लॅपटॉप चालेल; ब्राइटनेस मध्यावर ठेवा आणि रात्री पडदा पिवळट करणारी सेटिंग बंद करा. प्रिंट असेल तर उत्तमच. कॅमेरा क्लबांत आणि स्पर्धांत १२ बाय १८ इंची प्रिंट नेहमीची आहे, सरावाला ८ बाय १२ पुरते. बघण्याचं अंतर साधारण प्रिंटच्या कर्णाइतकं ठेवा, म्हणजे ८ बाय १२ साठी सव्वा फूट. तेवढ्यावरून सगळी चौकट एका नजरेत मावते. तपशिलासाठी जवळ जा, पण परत मागे या.

गाजलेला फोटो निवडलात तर प्रत कुठली आहे ते तपासा. हातोहात फिरत आलेल्या प्रती कडेने कापलेल्या, वाजवीपेक्षा गडद केलेल्या, कधी डावं-उजवं उलटलेल्या असतात. संग्रहालयाची किंवा मूळ प्रकाशकाची प्रत घ्या. लांबी-रुंदीचं प्रमाणही बरंच सांगतं. ३५ मिमी फिल्म आणि बहुतेक मोठे डिजिटल कॅमेरे ३:२ देतात, मोबाईल सहसा ४:३, आणि रोलीफ्लेक्ससारखे जुने कॅमेरे चौरस. यांतलं काहीच जुळत नसेल तर फोटो नंतर क्रॉप केलेला, म्हणजे कडेने कापलेला, असू शकतो. क्रॉप करणं हा गुन्हा नव्हे. काय बाहेर गेलं असेल, एवढं मात्र विचारायचं.

फोटोच्या खाली ओळ छापलेली असेल तर ती कागदाने झाका. ती एकदा वाचली की डोळा तेवढंच शोधतो.

तीन मिनिटं गप्प, मग नुसतं वर्णन

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: ‘दिसतं’, ‘वाटतं’, ‘माहीत आहे’. तीन मिनिटं काही न लिहिता बघा. त्यानंतर काही वेळ फक्त पहिला रकाना भरायचा.

सुरुवात कडांपासून करा. चेहऱ्यापासून केली तर नजर तिथेच अडकते. डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघून चारही बाजूंनी एक फेरी मारा: कडेने काय कापलं गेलंय, बाहेरून काय आत डोकावतंय? मग पुढचं, मधलं, मागचं. मग माणसं: नजर कुठे, हात कुठे, पाय जमिनीला टेकलेत का? शेवटी सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळी जागा शोधा. बघणाऱ्याचा डोळा बहुतेक वेळा उजळ जागेकडे आधी जातो, त्यामुळे ती जागा कामाची आहे की आगंतुक, हे नंतर विचारता येतं.

‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात काढलेला गांधीजी आणि चरख्याचा फोटो घ्या. तो पाहिला नाही असा माणूस विरळा. आठवणीतून वर्णन करायला सांगितलं की हटकून उत्तर येतं: गांधीजी सूत कातताहेत. आता फोटो समोर ठेवा. चरखा पुढे आहे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, आणि त्याने चौकटीतली भरपूर जागा घेतली आहे. गांधीजी त्याच्या मागे जमिनीलगत बसलेत. अंग उघडं, डोळ्यांना चष्मा, नजर खाली. हातात सूत नाही, कागद आहेत. मागच्या खिडकीतून उजेड येतोय, त्यामुळे चरख्याची आपल्याकडची बाजू गडद राहिली आहे.

म्हणजे कातणं या फोटोत नाहीच. ते आपण जोडतो, कारण चरख्याजवळचे गांधी म्हणजे कातणारे गांधी, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. फोटोग्राफरनेही चरखा इतका पुढे घेतला की जोडल्यावाचून राहवत नाही. इथे चर्चेला पहिला नेमका प्रश्न मिळतो: चरखा गांधीजींच्या मागे, भिंतीशी असता तर हा फोटो कशाबद्दल झाला असता? त्याला लागूनच दुसरा: या चौकटीत प्रमुख कोण, थांबलेलं यंत्र की वाचणारा माणूस?

तिसरा रकाना यानंतर उघडायचा. बर्क-व्हाइट यांच्या टिपणात गांधीजी कात्रणं वाचताहेत आणि चरखा नुकताच चालवून झाला आहे, असं लिहिलेलं आहे. फोटो काढू देण्याआधी बर्क-व्हाइट यांना सूत कातायला शिकण्याची अट घातली होती. ‘लाइफ’ साप्ताहिकाने हा फोटो १९४६ साली आधी लहानसा छापला, निसर्गोपचारांवरच्या मजकुराबरोबर. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये तो श्रद्धांजली म्हणून मोठा आला. फोटो तोच, पण पहिल्या वेळी तो एका राजकीय नेत्याच्या दिनक्रमाचा तपशील होता आणि दुसऱ्या वेळी ती स्मृतिप्रतिमा झाली. यातलं काहीही फोटोत दिसत नाही, म्हणून ते पहिल्या रकान्यात घुसू द्यायचं नाही.

वर्णन बिघडतं ते विशेषणांमुळे. ‘निरागस’, ‘रम्य’, ‘गरीब’, ‘खडतर’ हे सगळे शब्द दुसऱ्या रकान्यातले. ‘गरीब मुलगा’ असं लिहिलं असेल तर खोडून ‘शर्टाची दोन बटणं नाहीत, पाय अनवाणी’ असं लिहा. तो नुकताच खेळून आलेला सुखवस्तू घरातला पोरगाही असू शकतो.

कॅमेरा कुठे होता, उजेड कुठून आला

हा भाग ऐकायला तांत्रिक वाटतो, पण यासाठी कॅमेरा हातात धरलेला असण्याची गरज नाही.

उंची ओळखायला क्षितिजरेषा बघा. सपाट जमिनीवर कॅमेरा जितक्या उंचीवर असतो तितक्याच उंचीवर क्षितिज माणसांना छेदून जातं. रेषा उभ्या माणसाच्या गुडघ्याशी असेल तर फोटोग्राफर जवळपास जमिनीवर टेकलेला होता. डोक्यांच्या बरीच वर असेल तर तो गच्चीवर, ट्रकवर किंवा टेकडीवर होता. खालून काढलेला माणूस भारदस्त दिसतो, वरून काढलेला केविलवाणा, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वरून बघणारी आईही असते.

अंतर ओळखायला जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचा आकार ताडून बघा. पुढचा हात डोक्याएवढा आणि मागचा माणूस बाहुलीएवढा दिसत असेल तर कॅमेरा हातभर अंतरावर होता आणि लेन्स वाइड, म्हणजे आजूबाजूचं जास्त सामावून घेणारी, होती. मागच्या गोष्टी पुढच्यांना चिकटल्यासारख्या दिसत असतील तर फोटो लांबून, टेलिफोटो म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणाऱ्या लेन्सने काढला आहे. नवखे इथे लेन्सला दोष देतात. खरं तर आकारांचं प्रमाण अंतराने ठरतं. लेन्स फक्त किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. दिवे घाटातली दिंडी समोरच्या डोंगरावरून ३०० मिमीच्या टेलिफोटो लेन्सने काढली की माणसाला माणूस लागलेला दिसतो. तीच दिंडी ड्रोनने सरळ वरून बघितली तर मधली मोकळी जागा दिसते. गर्दीबद्दल कोणताही निष्कर्ष काढण्याआधी एवढं तपासाच.

उजेडासाठी सावल्या आणि डोळे बघा. सावलीची कड धारदार असेल तर उजेड ऊन किंवा उघड्या फ्लॅशचा. विरघळलेली असेल तर ढगाळ हवा, खिडकी किंवा डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा. सावली वस्तूइतकीच लांब असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. ओळीत ‘मे महिन्यातली भर दुपार, पुणे’ असेल आणि सावल्या लांबलचक असतील, तर ओळ किंवा फोटो यांपैकी एक खोटं बोलतंय. डोळ्यांतली चमक मोठी करून बघा: खिडकी असेल तर चौकोन, रिंग लाइट असेल तर गोल कडं, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश असेल तर बारीक ठिपका.

‘फोटो हललाय’ हे वाक्य मात्र सर्रास चुकीचं वापरलं जातं. अस्पष्टतेचे निदान चार प्रकार आहेत. सगळं चित्र एकाच दिशेने फरपटलेलं असेल तर कॅमेरा हलला. पार्श्वभूमी स्वच्छ आणि फक्त माणूस पुसट, तर माणूस हलला. शटर १/१५ किंवा १/३० सेकंद उघडं असेल तर चालणाऱ्याची पावलं अशीच पुसली जातात. माणूस स्वच्छ आणि पार्श्वभूमीच्या आडव्या रेघा झाल्या, तर फोटोग्राफरने कॅमेरा माणसाबरोबर फिरवला, म्हणजे पॅनिंग केलं. आणि चेहरा पुसट पण कान किंवा मागची भिंत कडक असेल, तर फोकस चुकला. पहिला आणि चौथा प्रकार बहुधा अपघात असतो, दुसरा आणि तिसरा हेतू असू शकतो. मोबाईलचा पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी सॉफ्टवेअरने पुसट करतो, तो पाचवा प्रकारही हल्ली धरावा लागतो. केसांच्या कडा, चष्म्याच्या काड्या आणि लोंबते झुमके बघा; तिथे नको ते पुसलेलं सापडतं.

ओळ, नाव आणि छपाई

आता कागद काढा आणि ओळ वाचा. चार गोष्टी शोधायच्या: कोणी काढला, कोणासाठी, कुठे छापला आणि फोटोतल्या माणसाचं नाव आहे का.

पहिलीच गोष्ट कधीकधी फसवी निघते. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात; मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले. फक्त नाव वाचून ‘पुरुषाची नजर’ वगैरे सिद्धान्त मांडणाऱ्याची तिथे फजिती ठरलेली.

‘कोणासाठी’ हा प्रश्न जुन्या फोटोंना हमखास विचारा. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात भारतातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड छापले. त्यांत बऱ्याच ठिकाणी माणसाच्या नावाच्या जागी जात किंवा जमात आहे. तो चेहरा एका माणसाचा न राहता नमुना होतो. हे केवळ ओळीने घडवलं की उभं करण्याची पद्धत, पार्श्वभूमी आणि अंतर यांचाही त्यात हात आहे? बोट ठेवून दाखवा.

अमेरिकी फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो या बाबतीत चांगली शिकवणी घेतो. दोन मुलं आईच्या दोन खांद्यांवर डोकं ठेवून तोंड फिरवून आहेत, मांडीवर तान्हं, आईचा हात गालाजवळ. लँग यांनी त्या तंबूपाशी एकापाठोपाठ अनेक फोटो घेतले, जवळ जवळ जात. ते बाकीचे फोटोही उपलब्ध आहेत. शेजारी ठेवून बघा म्हणजे निवडीतून काय साधलं ते कळतं. खालच्या उजव्या भागात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँग यांनी तो नंतर निगेटिव्हवर पुसून घेतला. नीट बघितलं तर त्याची पुसट खूण अजून दिसते. आणि त्या आईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगासमोर यायला १९७८ साल उजाडलं. तोवर ती अमेरिकेतल्या महामंदीच्या काळाचं प्रतीक म्हणून जगभर छापली गेली होती. तिला स्वतःला ते रुचलं नव्हतं. अंगठा पुसणं आणि नाव नसणं, दोन्हींत काहीतरी गाळलं गेलं. दोन्ही सारख्याच वजनाच्या गोष्टी आहेत का? गटात यावर अर्धा तास सहज जातो.

अर्थ लावताना

एवढं झाल्यावर ‘वाटतं’चा रकाना भरा, आणि प्रत्येक वाक्याला ‘कारण’ जोडा. ‘फोटो एकाकी वाटतो, कारण माणूस उजव्या कडेला टेकलाय आणि त्याची नजर रिकाम्या भागाकडे नसून चौकटीबाहेर आहे.’ दोघांचे अर्थ वेगळे निघाले तर मत मोजू नका. कोणाचा अर्थ फोटोतल्या जास्त गोष्टींचा हिशोब देतो ते बघा.

सरावाला एकाच घटनेचे दोन फोटो शेजारी ठेवणं फार उपयोगी. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी बालकाचा फोटो रघु राय यांनी काढला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही. राय यांचा कृष्णधवल, बार्थोलोम्यू यांचा रंगीत. रंगीत फोटोला १९८४ चा ‘वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर’ हा मान मिळाला. गटाला आधी कल्पना द्या, ज्याला बघवणार नाही त्याने उठून जावं. मग विचारा: रंग काढल्यावर माती आणि त्वचा यांतला फरक वाढतो की कमी होतो? कुठल्या फोटोत मोठ्या माणसाची चाहूल आहे, आणि ती असल्याने बघणारा शोकात सामील होतो की साक्षीदार राहतो? कुठल्या फोटोवर जास्त वेळ नजर ठरते, आणि का? असा फोटो काढावा का, छापावा का, हा प्रश्न टाळू नका, पण शेवटी घ्या. तो आधी आला की सगळे नीतीवर बोलतात आणि फोटो कोणी बघत नाही.

बरा की वाईट

हेतू कळल्याशिवाय गुण देऊ नका. पासपोर्टच्या फोटोत मूड शोधणं जितकं व्यर्थ, तितकंच बातमीच्या फोटोत दिव्याचा खांब खुपणं. लग्नाच्या अल्बमला, जाहिरातीला, पुराव्याच्या फोटोला आणि प्रदर्शनातल्या प्रिंटला कसोट्या वेगळ्या.

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवायचा, हा रूल ऑफ थर्ड्सचा नियम नवख्यांना शिकवतात, आणि मग ते तोच हातात घेऊन सगळ्यांचे फोटो तपासत सुटतात. विषय मधोमध आहे, ही त्रुटी नाही. मधोमध असल्याने काय बिघडलं, हे सांगता आलं तर ती त्रुटी.

आणि घासून गुळगुळीत झालेल्या विषयांना जास्त कडक प्रश्न विचारा. वारीचे फोटो म्हटले की डोक्यावर तुळस घेतलेली आजी, सुरकुतलेला चेहरा, रिंगणातला धावता अश्व आणि घाटाचं वळण. एकेक फोटो सुरेख असतो. पण आजीचा फोटो बघून वारीबद्दल किंवा त्या आजीबद्दल आधी माहीत नसलेलं काय कळलं? पाण्याचा टँकर, मुक्कामी मोबाईल चार्जिंगसाठी लागलेली झुंबड, पायाला तेल चोळणारे हात असे फोटो क्लबाच्या भिंतीवर कमी दिसतात. तिथे सुरकुत्यांना गुण फार मिळतात.

गटात बसताना

सहा ते आठ जण, चार फोटो, दीड तास. एका फोटोला २० मिनिटं: तीन मिनिटं गप्प, पाच मिनिटं वर्णन, सात मिनिटं अर्थ, उरलेली पाच फोटो काढणाऱ्याची. घड्याळ एकाच्याच हाती द्या. फोटो काढणाऱ्याने पहिली १५ मिनिटं तोंड उघडायचं नाही. शीर्षकही सांगायचं नाही. ‘पहाटे चारला उठून गेलो होतो’ हे कळलं की लोक कष्टांचं कौतुक करू लागतात.

वर्णनाची फेरी प्रत्येकाने एक नवी गोष्ट सांगून करायची, आणि ती वयाने किंवा अनुभवाने सगळ्यात लहान असलेल्यापासून सुरू करायची. आपल्याकडे ज्येष्ठ सभासद आधी बोलले की पुढचे सगळे ‘सर म्हणाले तसं’ म्हणून मोकळे होतात.

बोलण्याची काही वळणं बदलावी लागतात. ‘बॅकग्राउंड डिस्टर्बिंग आहे’ यातून काही कळत नाही. ‘माझी नजर मुलीवरून सारखी त्या लाल बादलीकडे जाते, बादली हवी होती का?’ यातून कळतं. ‘अप्रतिम’ म्हणायचंच असेल तर कुठली एक गोष्ट काढली तर अप्रतिम राहणार नाही, तेही सांगा. ‘मी असतो तर खाली बसून काढला असता’ हे चालेल, पण खाली बसल्याने कशाच्या मागे काय गेलं असतं, ते पुढे जोडा. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, हे चहाच्या वेळी विचारा. आणि टीका फोटोवर करा. ‘तुला उजेड कळत नाही’ असं ऐकलेला माणूस पुढच्या बैठकीला येत नाही.

लिहून ठेवा, प्रदर्शनाला जा

चर्चेनंतर त्याच रात्री १५० शब्द लिहा: साधारण ६० वर्णनाचे, ६० अर्थाचे, ३० निवाड्याचे. वर्णन ६० शब्दांत मावत नाही असं वाटेल. मग काय गाळायचं हे ठरवताना फोटोत महत्त्वाचं काय आहे ते आपोआप ठरतं.

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेची पिरामल गॅलरी खास फोटोंसाठी आहे, आणि पुण्यात बालगंधर्व कलादालनात फोटोंची प्रदर्शनं लागतात. आत गेल्यावर पहिली फेरी न थांबता मारा. दुसऱ्या फेरीत तीनच फोटोंपाशी थांबा: एक आवडलेला, एक अजिबात न आवडलेला आणि एक न कळलेला. काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडत असेल तर एक पाऊल बाजूला सरका, नाहीतर प्रतिबिंबाची उजळ जागा फोटोचीच समजाल. प्रिंटचा आकार वहीत टिपून घ्या. घरी पडद्यावर बघताना तो आठवत नाही. फोटोग्राफर हजर असेल तर ‘छान आहे’ म्हणून पुढे जाण्याआधी एवढं विचारा: याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो का लावला नाही?